विस्तवातून गारवा : कॅराव्हॅनच्या फ्रीजची कॉइल गेली आहे का, हे कसं ओळखावं?



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्यापैकी काही घरांत कॅराव्हॅन किंवा मोटरहोम घेऊन किलार्नी, कॉनेमारा नाहीतर डोनेगलकडे जायचे बेत सुरू होतात. भारतातून आजी-आजोबा आलेले असतात, म्हणून श्रीखंडाचा डबा, दही, पनीर, कोथिंबीर असं सगळं बरोबर घेतलं जातं. कुणाच्या आजोबांचं इन्शुलिनही असतं. हे सारं सामान त्या चिमुकल्या फ्रीजच्या भरवशावर निघतं. आणि मुक्कामाला पोचल्यावर दार उघडून पाहावं, तर आत गारव्याचा पत्ता नाही!

अशा वेळी घाबरून जायचं कारण नाही. हा फ्रीज आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजपेक्षा अगदी वेगळ्या पद्धतीनं चालतो. ती पद्धत एकदा समजली, की बिघाड कुठे आहे ते बरंचसं आपलं आपल्याला ओळखता येतं. या वेळच्या विज्ञानाच्या पानावर तेच पाहू या.

उष्णतेनं थंडी कशी होते?

घरच्या फ्रीजमधून अधूनमधून घुर्रर्र आवाज येतो. तो कॉम्प्रेसरचा, म्हणजे वायू दाबणाऱ्या पंपाचा. कॅराव्हॅनमधल्या जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये असा पंपच नसतो. हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. त्याला लागते फक्त उष्णता. म्हणजे मागच्या बाजूला गरम करायचं आणि पुढच्या बाजूला थंड होणार! आहे की नाही गंमत? याला म्हणतात शोषण फ्रीज.

त्याच्या पाठीमागच्या बंद नळ्यांमध्ये तीन पदार्थ कायमचे भरून ठेवलेले असतात : अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. अमोनियाचा वास आई-बाबांच्या ओळखीचा असेल. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकायचा आणि नाकात झोंबणारा पांढरा धूर निघायचा, आठवतंय? नवसागर हा अमोनियाचाच क्षार.

आता नळ्यांमधला प्रवास पाहू. खाली एक छोटा बॉयलर असतो. त्यात अमोनिया विरघळलेलं पाणी असतं. ते तापवलं की अमोनिया वायू होऊन बाहेर पडू लागतो आणि त्याचे बुडबुडे पाण्यालाही एका बारीक नळीतून वर ढकलतात. दूध उतू जाताना कसं वर चढतं, तसंच काहीसं. पंप नाही ही उणीव हे बुडबुडेच भरून काढतात.

वर गेलेला अमोनिया बाहेरच्या हवेनं निवतो आणि द्रव होतो. हा द्रव अमोनिया मग फ्रीजच्या आतल्या भागातल्या नळीत उतरतो. तिथे असतो हायड्रोजन.

इथे जरा आपल्या अंगणातली कपड्यांची दोरी आठवा. ओले कपडे वाळतात, पण म्हणून त्यातलं पाणी काही १०० अंशांवर उकळत नाही. भोवतालच्या हवेत पाण्याची वाफ कमी असली की पाणी साध्या तापमानालाच उडून जातं. तसंच, हायड्रोजनच्या सोबतीला आलेल्या अमोनियाला तिथे भरपूर मोकळी जागा सापडते आणि तो भराभर उडू लागतो. उडताना उष्णता लागते, ती तो फ्रीजच्या आतून ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणानं. फरक एवढाच की माठात पाणी उडतं आणि इथे अमोनिया. अमोनिया फार सहज उडणारा. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो.

शेवटी अमोनिया आणि हायड्रोजनचं हे मिश्रण खाली उतरतं. तिथे परत आलेलं पाणी अमोनियाला पुन्हा शोषून घेतं, हायड्रोजन सुटा होऊन वर जातो आणि फेरी नव्यानं सुरू होते.

दोन विद्यार्थ्यांची करामत

अमोनिया आणि पाणी वापरून गारवा तयार करणारं यंत्र फ्रान्सच्या फर्दिनां कारे यानं १८५९ सालीच केलं होतं. पण त्यात हलणारा पंप लागत असे. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हायड्रोजनची युक्ती वापरून पंपच काढून टाकला. १९२५ साली इलेक्ट्रोलक्स कंपनीनं ते हक्क घेतले आणि हे फ्रीज जगभर पोचले. खुद्द आइन्स्टाइननंही लिओ झिलार्डबरोबर बिनपंपाचा एक फ्रीज शोधून काढला होता. त्याचं अमेरिकन पेटंट १९३० सालचं आहे. तो मात्र घरोघरी पोचला नाही.

जिथे वीज नव्हती तिथे हेच शोषण फ्रीज रॉकेलच्या ज्योतीवर चालत. भारतातही ते होते, आणि दूरदूरच्या दवाखान्यांत लसी थंड ठेवण्याचं मोठं काम त्यांनी केलं.

तीन चुली, एक फ्रीज

कॅराव्हॅनमधला हा फ्रीज बहुधा तीन प्रकारे चालतो. मागचा बॉयलर एकच, पण त्याला तापवायला तीन चुली :

१. गॅसची ज्योत.
२. २३० व्होल्टचं एलिमेंट. कॅम्पसाइटवरच्या खांबाला निळा प्लग जोडला की हे चालतं.
३. १२ व्होल्टचं एलिमेंट. हे गाडीच्या बॅटरीवर, साधारणपणे इंजिन चालू असतानाच चालतं.

एलिमेंट म्हणजे आपण घरी ज्याला 'कॉइल' म्हणतो तेच. गीझरची कॉइल गेली, इस्त्रीची कॉइल गेली, असं आपण म्हणतो ना, तशीच ही कॉइल. धातूच्या बारीक नळीत नायक्रोमची तार असते, आणि तार नळीला चिकटू नये म्हणून मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट भरलेली असते. ही नळी बॉयलरच्या शेजारच्या खोबणीत बसवलेली असते. वर्षानुवर्षं तापून-निवून तार कधी तुटते, तर कधी त्या पुडीत ओल शिरते. आयर्लंडच्या हिवाळ्यात सहा महिने बंद उभ्या असलेल्या गाडीत ओल शिरायला कितीसा वेळ लागणार?

आधी साधे प्रश्न

मीटर हातात घेण्याआधी पुढचे चार प्रश्न विचारा. बऱ्याच वेळा उत्तर इथेच सापडतं.

गाडी सपाट जागी उभी आहे का? या फ्रीजमधला द्रव फक्त स्वतःच्या वजनानं खाली वाहतो. गाडी तिरकी असली तर तो भलतीकडेच साठून राहतो आणि बॉयलर कोरडा तापत राहतो. अशानं नळ्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या उताराच्या गवतावर गाडी लावताना हे विसरू नका.

पुरेसा वेळ दिला का? हा फ्रीज संथ आहे. नीट गार व्हायला त्याला बारा-बारा तासही लागतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच तो सुरू करायचा, आणि आत ठेवायचे पदार्थ घरच्या फ्रीजमध्ये आधीच गार केलेले असावेत.

हवा खेळते आहे का? गाडीच्या बाहेरच्या बाजूला फ्रीजच्या मागे दोन जाळ्या असतात. त्यांत पानं, कोळ्याची जाळी किंवा हिवाळ्यासाठी लावलेली झाकणं अडकली असतील तर उष्णता बाहेर पडत नाही.

वीज गाडीत येते आहे का? खांबावरचा ब्रेकर, गाडीतला ब्रेकर, फ्रीजचा फ्यूज आणि चूल निवडायचं बटण पाहा. नव्या मॉडेलमध्ये आणखी एक मेख असते. फ्रीज २३० व्होल्टवर किंवा गॅसवर चालवायचा असला तरी त्यातल्या कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत तर कॉइल धडधाकट असूनही फ्रीज ढिम्म हलत नाही.

आता तुलना करा

तीन चुली असल्याचा खरा फायदा इथे होतो. आत एका पेल्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवा. रात्रभर एकाच चुलीवर फ्रीज चालवा आणि सकाळी आकडा लिहून ठेवा. मग दुसऱ्या चुलीवर तसंच करा. एका वेळी एकच चूल, दोन एकदम कधीही नाहीत. मुलांनो, ही नोंदवही तुमच्याकडे!

- गॅसवर छान गार होतो, पण २३० व्होल्टवर होत नाही : नळ्या आणि अमोनिया ठीक आहेत. दोष २३० व्होल्टच्या वाटेवर आहे. कॉइल, थर्मोस्टॅट, फ्यूज किंवा वायर.
- विजेवर छान, गॅसवर नाही : कॉइलचा संबंध नाही. बर्नर किंवा गॅसचा पुरवठा पाहायला हवा, आणि ते काम गॅसच्या नोंदणीकृत तंत्रज्ञाचं.
- फ्रीज विजेवर लावला की गाडीतला ब्रेकर लगेच पडतो : कॉइलमध्ये ओल किंवा गळती असण्याचा दाट संशय.
- तिन्ही चुलींवर गार होत नाही : गाडी सपाट असेल आणि हवाही खेळत असेल तर कॉइलला दोष देऊ नका. तिन्ही चुली एकदम बिघडणं फार दुर्मीळ. दोष बहुधा नळ्यांमध्येच असतो.

एवढ्या तुलनेनं नवी कॉइल उगीच विकत घेण्याचा खर्च वाचतो. बिघडलेल्या नळ्यांना नवी कॉइल लावून काहीच उपयोग नाही.

ओहमचं गणित

आता कॉइलवरच संशय आहे असं धरू. फ्रीजच्या आत बाजूच्या भिंतीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. समजा तिथे २३० व्होल्ट, १२५ वॅट आणि १२ व्होल्ट, १२० वॅट असं आहे. तर कॉइलचा रोध किती असायला हवा?

सूत्र सोपं आहे : व्होल्टला व्होल्टनं गुणा आणि वॅटनं भागा.

२३० × २३० ÷ १२५ = सुमारे ४२३ ओहम.
१२ × १२ ÷ १२० = १.२ ओहम.

पाहा, एकाच फ्रीजच्या दोन कॉइल, उष्णता जवळपास सारखीच, पण रोधात केवढं अंतर! म्हणूनच चुकून १२ व्होल्टची कॉइल २३० व्होल्टला जोडली तर काय अनर्थ होईल, ते तुम्हीच सांगा. आणि नायक्रोमचा एक गुण असा, की गार असताना आणि तापल्यावर त्याचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे गार कॉइल मोजली तरी उत्तर विश्वासाचं असतं.

या गणिताचा आणखी एक उपयोग. मोटरहोमच्या बॅटरीपासून फ्रीजपर्यंत वायर लांब असते. ती बारीक असली किंवा तिच्या जोडावर गंज चढला, तर वाटेतच व्होल्ट गळतात. समजा १२ ऐवजी १० व्होल्टच पोचले. तर १० × १० ÷ १.२ म्हणजे जेमतेम ८३ वॅट! व्होल्ट सहावा हिस्सा घटले, पण उष्णता जवळजवळ तिसरा हिस्सा घटली. कॉइल शाबूत, तरी फ्रीज कोमट. कॉइल बदलण्याआधी जोड तपासायचे, ते यासाठी.

वायरीतून वाहतात ते इलेक्ट्रॉन. 'इलेक्ट्रॉन' हा शब्द जगाला कुणी दिला, ठाऊक आहे? ऑफली परगण्यात जन्मलेल्या जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी, १८९१ साली. म्हणजे आपल्या आयर्लंडनंच!

मीटर लावताना

हे काम मोठ्यांचं, आणि तेही विजेच्या कामाची माहिती असलेल्या मोठ्यांचं. मुलांनी आकडे लिहून घ्यावेत. पालकांनी क्रम मोडू नये.

१. नुसतं बटण बंद करून भागत नाही. खांबावरचा निळा प्लग उपसून काढा, बॅटरीचा पुरवठा तोडा, गॅसही बंद करा. बॉयलरचा भाग पूर्ण निवू द्या.

२. कॉइलच्या दोन्ही वायरी जोडावरून सोडवा. त्या जोडलेल्याच ठेवल्या तर मीटर भलताच मार्ग मोजतं. सोडवण्याआधी एक फोटो काढून ठेवा, म्हणजे परत जोडताना घोळ होत नाही.

३. मीटर ओहमवर ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांचा एकमेकांना स्पर्श करा. जो थोडासा आकडा दिसेल तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. १२ व्होल्टची कॉइल मोजताना तो वजा करायला हवा, नाहीतर १.२ चा १.५ दिसेल.

४. आता कॉइलच्या दोन टोकांमध्ये मोजा. आकडा गणिताच्या जवळपास आला तर तार शाबूत आहे. मीटरवर काहीच आकडा येत नसेल, म्हणजे रोध अमर्याद असेल, तर तार तुटली आहे. आकडा फारच कमी आला तर आत तारेचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत.

५. शेवटी २३० व्होल्टच्या कॉइलचं एक टोक आणि तिची बाहेरची धातूची नळी यांमध्ये मोजा. इथे काहीही आकडा दिसता कामा नये. दिसला तर कॉइल बाद. मात्र इथे आकडा आला नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. साध्या मीटरची बॅटरी छोटी असते. बारीक गळती शोधायला ५०० व्होल्टचं मेगर लागतं, आणि ते इलेक्ट्रिशियनकडे असतं.

नवी कॉइल घेताना व्होल्ट, वॅट आणि नळीची लांबी-जाडी हे सारं जुन्यासारखंच हवं. 'जास्त वॅटची लावली तर लवकर गार होईल' हा हिशेब चुकीचा आहे. बॉयलर जास्त तापला की अमोनियाबरोबर पाण्याची वाफही वर जाते आणि गारवा उलट घटतो. बॉयलरभोवतीचं उष्णतारोधक वेष्टणही जसंच्या तसं परत बसवायला हवं, नाहीतर उष्णता बाहेरच उधळली जाते.

हे मात्र कधीच करू नये

अमोनियाचा झोंबणारा वास आला, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली, तर नळी फुटली असं समजा. पिवळा रंग नळ्यांना गंज लागू नये म्हणून घातलेल्या रसायनाचा असतो. फ्रीज ताबडतोब बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. त्या नळ्यांत हवेच्या दाबाच्या वीस-पंचवीस पट दाब असतो आणि हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे. तिथे ना पक्कड चालवायची, ना वेल्डिंग करायचं.

गॅसवर फ्रीज चालवताना गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. त्या वायूला रंग नाही, वास नाही, म्हणून तो जास्त घातक. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी आणि डब्लिन किंवा रॉसलेअरहून फेरीत चढण्याआधी ज्योत आणि सिलिंडर दोन्ही बंद करायचे.

मधल्या काळात जेवणाचं काय?

'आयर्लंडमध्ये आधीच एवढी थंडी, फ्रीज बिघडला तर काय बिघडलं?' असं आजी म्हणतीलही. पण फ्रीजचं तापमान ५ अंश किंवा त्याहून कमी असावं लागतं, आणि इथल्या उन्हाळ्यात दुपारी १८-२० अंश सहज असतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर त्याहून जास्त. दूध, पनीर, शिजवलेला भात आणि मासे यांच्या बाबतीत धोका पत्करू नये. बर्फाच्या पिशव्यांची एक पेटी नेहमी बरोबर ठेवावी. चटण्या, लोणची, दशम्या आणि मेतकूट यांना फ्रीज लागतच नाही. आपल्या पूर्वजांनी प्रवासाची शिदोरी उगीच तशी बांधली नव्हती!

इन्शुलिनचं मात्र वेगळं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात आणि ते गोठता कामा नये. म्हणून फ्रीजच्या मागच्या थंड पत्र्याला टेकवून ठेवू नये. फ्रीज बंद पडला तर किती तास झाले ते लिहून ठेवा आणि जवळच्या फार्मसीत विचारा. ते वापरावं की नाही, हे आपण अंदाजानं ठरवायचं नाही.

नव्या मोटरहोममध्ये आता कॉम्प्रेसरचे छोटे फ्रीज वाढले आहेत. तरीही भाड्याच्या आणि जुन्या गाड्यांमध्ये शोषण फ्रीज अजून भरपूर दिसतात. तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच मालकाला विचारा, 'तिन्ही चुली चालतात ना?' आणि आदल्या रात्री स्वतः खात्री करून घ्या.

शब्दओळख

रोध : विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा. ओहममध्ये मोजतात.
शोषण : एका पदार्थानं दुसऱ्याला आपल्यात ओढून घेणं.
बाष्पीभवन : द्रवाची वाफ होऊन उडून जाणं.
शिदोरी : प्रवासासाठी बांधून घेतलेलं जेवण.

डोकं चालवा

१. फ्रीजच्या पट्टीवर २३० व्होल्ट, १९० वॅट लिहिलं आहे. कॉइलचा रोध किती असावा?
२. १२ व्होल्टची १२० वॅटची कॉइल किती अँपिअर वीज घेते? १०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना किती वेळात पार रिकामी होईल?
३. कॅम्पसाइटच्या खांबावरून ६ अँपिअरच मिळतात. १२५ वॅटचा फ्रीज, १००० वॅटची किटली आणि ५०० वॅटचा हीटर एकदम लावता येतील का?

उत्तरं : १. सुमारे २७८ ओहम. २. १० अँपिअर आणि १० तास. म्हणूनच ही चूल इंजिन चालू असतानाच वापरतात. ३. नाही. ६ × २३० = १३८० वॅट मिळतात आणि लागतात १६२५. चहा होईपर्यंत हीटर बंद ठेवा!